दारावरच्या पाच रेघा

आमच्या घराला टायरचा वास होता आणि तो आम्हाला येत नसे. पाहुणे आले की त्यांच्या नाकावरून कळायचं. अरबांच्या मुलखात, वादी अदाईच्या चढावर, डोंगराला पाठ लावून असलेल्या एका दुमजली इमारतीत खालच्या दोन खोल्या आमच्या होत्या. सकाळी पाण्याचा टँकर वर चढताना गिअर बदलायचा, तो आवाज आला की मी उठायचो. मग फजरच्या नमाजानंतर परतणाऱ्या लोकांच्या चपला, शेजारच्या बेकरीतला खबूस रोट्या थापल्याचा आवाज, आणि या सगळ्यांखाली दिवसरात्र खिडकीतल्या एसीची घरघर. आई त्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची. सुट्टीत गावी गेलो, तरी पहिले दोन दिवस ती तशीच मोठ्याने बोले आणि काकू विचारत, ‘वहिनी, भांडताय का?’

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो, कामावरचे लोकही तेच म्हणत. नाना मत्रहच्या मागच्या बाजूला, वादी कबीरमध्ये, जुन्या टायरच्या यार्डात स्टोअरकीपर होते. जपानहून वापरलेले टायर कंटेनर भरभरून यायचे. तिकडे ज्यांचं आयुष्य संपलं असं ठरलेलं असे, त्यांना इकडे अजून दोन वर्षं गिऱ्हाईक असे. संध्याकाळी घरी आले की नाना बाहेरच्या नळावर रॉकेल आणि साबण लावून हात घासायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच राहत. आई त्यांचे कामाचे कपडे आमच्या कपड्यांत मिसळत नसे. त्यांच्यासाठी वेगळी बादली होती, वेगळी दोरी होती. हातांचा रंग जात नाही म्हणून नाना भाकरी मोडताना फक्त बोटांची टोकं वापरायचे. मला वाटायचं, जेवायची हीच पद्धत आहे. त्यामुळे मीही बराच काळ तसाच जेवत होतो.

नाना मूळचे गुहागरकडचे. लहानपणी त्यांनी नारळ मोजले होते. एका हातात दोन, दुसऱ्यात तीन, अशी पाचाची गाही टाकायची. चार गाह्यांची कोडी. तीच सवय इथे टायरला लागली. कंटेनरच्या तोंडाशी ते पुठ्ठ्यावर कागद अडकवून उभे राहायचे. टायर बाहेर आला की एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी तिरकी, चारींना छेदून. या कामात त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. घरीही ते चहाच्या चमच्यांपासून दिव्याच्या वातींपर्यंत सगळं मोजून ठेवायचे. हा स्वभाव माझ्यातही पुरा उतरला आहे. आजही सोहारच्या माझ्या घरी पाण्याचे मोठे कॅन किती आले नि किती रिकामे गेले, ते मी स्वयंपाकघराच्या दारामागे लिहितो. बायको म्हणते, ‘अहो, कॅन काय पळून जाणार आहेत?’ पण नानांसारख्या तिरक्या रेघा मी काढत नाही. मी जे चिन्ह काढतो, ते ज्या आठवड्यात शिकलो, त्याविषयी हे प्रकरण आहे.

त्या वर्षी मी बारावीत होतो. परीक्षेला चार महिने होते. एकाच जहाजातून तीन कंटेनर आले आणि रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस ते उतरवले गेले. बुधवारी दुपारी नाना जेवायला आले ते हात न धुताच बसले. आईने कुळथाची पिठी, भात आणि तळलेला बांगडा वाढला. नानांनी बांगडा उलटा करून ठेवला आणि तसाच राहू दिला.

‘पिठी गार होतेय,’ आई म्हणाली.

‘चौऱ्याहत्तर कमी आलेत.’

‘काय?’

‘टायर. यादीत तीन हजार चारशे पन्नास. माझ्या मोजणीत तीन हजार तीनशे शहात्तर.’ नानांनी आकडे असे सांगितले, जसे दुसरा कोणी ताप किती आहे ते सांगेल. ‘जपानवाले फॅक्स करतात की यादी बरोबर आहे. मी म्हणतो माझी मोजणी बरोबर आहे. अर्बाब म्हणाले, दोघांतला एक खोटा.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘म्हटलं, शोधा.’

‘शोधा कसं? टायर काय उठून सांगणारेत?’

त्या महिन्यात आमच्या तिघांच्या व्हिसाचे कागद नूतनीकरणासाठी अर्बाबच्या, म्हणजे यार्डाच्या मालकाच्या, टेबलावर होते, सहीविना. हे मला माहीत होतं, कारण फोटो काढायला मीच नानांबरोबर रुवीला गेलो होतो. सही झाली नाही तर महिन्याभरात घर आवरायचं, माझी परीक्षा अर्धवट, आणि नानांच्या नावामागे कायमचं लागलेलं ‘चौऱ्याहत्तर टायर’. मत्रह ते रुवी हा टापू तेव्हा फार मोठा नव्हता. एका यार्डातून चोरीच्या संशयाने निघालेल्या स्टोअरकीपरला दुसऱ्या यार्डात कोणी उभं करत नसे.

मी नानांकडून तिन्ही याद्या मागून घेतल्या. तिन्हींवर टायरची संख्या एकच होती: अकराशे पन्नास. मी म्हणालो, ‘नाना, वेगवेगळ्या मापाचे जुने टायर तीन कंटेनरमध्ये नेमके तेवढेच कसे बसतील? हा आकडा कोणीतरी न मोजता टाइप केलाय.’

‘मला ते दिसलं नाही असं वाटतं तुला?’ नाना म्हणाले. ‘आकड्याचा संशय येणं हा पुरावा नव्हे. जेव आधी.’

दुपारी एक ते चार यार्ड बंद असे. नाना आडवे झाले तसा मी आईला ‘मित्राकडे वही आणायला जातो’ असं सांगून निघालो आणि माणशी काही बैझा घेणाऱ्या शेअर टॅक्सीत मागे बसून वादी कबीरला उतरलो. तिथे काय शोधायचं हे मला माहीत नव्हतं. घरी बसायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

यार्डाच्या फाटकाशी पत्र्याच्या खोलीत इब्राहिमचाचा राहायचे. ते दाभोळचे, टायर उतरवणाऱ्या टोळीचे मुकादम. बनियनवर बसून ते कांदा चिरत होते.

‘काय रं सुधीर, बारावी नापास व्हायचं ठरवलंस काय? या उन्हात?’

‘रिकामे कंटेनर बघायचेत, चाचा.’

‘बघ, बघ. आत लई मोठी इस्टेट हाय. डबक्याचं पाणी नि जपानी मच्छर.’ मग सुरी खाली ठेवून ते म्हणाले, ‘शनवारी ट्रेलर येतंय त्यांना न्यायला. तुझ्या बापाला सांग, पोरं माझी हाईत. एकानंबी टायर उचललेला नाय. मी कुराण हातात घेऊन सांगीन.’

तिन्ही कंटेनर भिंतीकडेला ओळीने उभे होते, दारं सताड उघडी. लोखंड इतकं तापलेलं होतं की दाराला हात लावायला मी रुमाल घेतला. आत टायरमध्ये साठलेल्या जुन्या पावसाचा कुबट वास होता. त्या पावसाचा एक थेंबही इथल्या आकाशातला नव्हता. जमीन पाहिली, छत पाहिलं, काही नव्हतं. बाहेर येताना पहिल्या कंटेनरच्या उजव्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या खडूने काढलेल्या चिन्हांच्या रांगा दिसल्या. एकाच चिन्हाची, वरपासून खालपर्यंत, एका रांगेत दहा: 正. त्या यार्डात मी लहानपणापासून जात असे आणि ही चिन्हं मी आधीही पाहिली होती. आम्ही सगळे त्याला ‘जपानचा शिक्का’ म्हणत होतो, म्हणजे कंपनीचं काहीतरी असणार.

पण शेवटच्या रांगेतलं शेवटचं चिन्ह अपुरं होतं. वरची आडवी रेघ आणि तिच्यातून खाली आलेली उभी, एवढंच. इंग्रजी टी काढल्यासारखं. कोणी कंपनीचा शिक्का अर्धा मारून सोडून देईल? मी दुसऱ्या कंटेनरकडे गेलो. तिथे शेवटी नुसती एक आडवी रेघ. तिसऱ्यात तीन रेघा: आडवी, उभी आणि उभीच्या मध्यातून उजवीकडे निघालेली छोटी आडवी. एक, दोन, तीन. पूर्ण चिन्हातल्या रेघा मी बोटाने मोजल्या. पाच. तिकडेही कोणीतरी कंटेनरच्या तोंडाशी उभं राहून, टायर आत जाताना, नानांसारख्याच पाच-पाचाच्या गाह्या टाकत होतं.

मग मोजलं. पहिलं दार: बावीस रांगा आणि पाच, म्हणजे दोनशे पंचवीस पूर्ण चिन्हं, वर दोन रेघा. अकराशे सत्तावीस. नानांचा आकडा अकराशे सत्तावीस. दुसरं दार: दोनशे सव्वीस पूर्ण आणि एक रेघ. अकराशे एकतीस. नानांचा आकडा अकराशे एकतीस. मी एकटाच हसलो, मोठ्याने. टायर जपानमधूनच कमी निघाले होते, आणि ते ज्याने आत भरले त्याच्याच हाताने लिहिलेलं समोर होतं.

तिसऱ्या दारावर दोनशे चोवीस पूर्ण आणि तीन रेघा होत्या. अकराशे तेवीस. नानांचा आकडा अकराशे अठरा.

मी तीनदा मोजलं. पाचाचा फरक जाईना. आता टायरच्या धंद्यात पाच हा आकडा वाईट असतो. गाडीला चार लागतात आणि स्टेपनी धरून पाच. दहा कमी आले, सात कमी आले, तर मोजणी चुकली म्हणता येतं. पाच कमी आले की कोणाच्या तरी गाडीला बसले असंच मनात येतं. आणि आमच्या जुन्या पिकअपचे टायर गुळगुळीत झालेले होते. दोन महिने नाना ‘बघू, बघू’ म्हणत होते.

इब्राहिमचाचांच्या खोलीतून कांदा तेलात पडल्याचा आवाज आला. मी तळहाताने शेवटचं अपुरं चिन्ह पुसून टाकलं. त्याच्या आधीच्या पूर्ण चिन्हातली डावीकडची छोटी उभी आणि खालची लांब आडवी, अशा दोन रेघाही बोटाने पुसल्या. राहिल्या तीन. एकूण पाच रेघा गेल्या. आता तिसऱ्या दारावर दोनशे तेवीस पूर्ण आणि तीन रेघा होत्या. अकराशे अठरा. काम नेटकं झालं होतं, हेही मला नोंदवलं पाहिजे.

संध्याकाळी मी नानांना दारांविषयी सांगितलं. पुसल्याचं सांगितलं नाही. नानांनी बॅटरी घेतली नाही, चप्पलही घातली नाही, तसेच पिकअपकडे निघाले. आईने मागून चप्पल आणून दिली. यार्डात कंटेनरच्या दारासमोर ते बराच वेळ उभे होते. मग इब्राहिमचाचांना म्हणाले, ‘पंधरा वर्षं हे माझ्यासमोर होतं. पंधरा वर्षं मी याला शिक्का म्हणत होतो.’

‘मी तर त्याला जपानी देव समजत व्हतो,’ चाचा म्हणाले. ‘दार लावताना पाठ नाय फिरवली कधी.’

अर्बाब गुरुवारी सकाळी आले. म्हातारे, हातात बारीक वेताची काठी. तरुणपणी मुंबईत राहिलेले, त्यामुळे आमच्याशी हिंदी बोलत. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग काठीने दारावर टकटक केली.

‘वलद,’ ते म्हणाले, म्हणजे पोरा, ‘तेरा दिमाग अच्छा है. लेकिन ये लाइन का मतलब तू बोलता है, तू उसका बेटा है. मैं जपान को क्या बोलूँ? उसका बेटा बोला?’

हे बरोबरच होतं. तेव्हा नानांनी मोरितांचं नाव काढलं. मोरिता हे घुब्रातल्या पाण्याच्या प्रकल्पावरचे वयस्कर जपानी इंजिनियर. दर गुरुवारी समोरच्या गॅरेजमध्ये स्वतःची गाडी दाखवायला यायचे आणि मेकॅनिकच्या शेजारी उकिडवे बसून प्रत्येक नट बघायचे. अर्बाबने माणूस पाठवला. मोरिता आले, टोपी काढली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, अगदी मलाही. दाराकडे पाहिलं मात्र, त्यांचा चेहरा एकदम घरगुती झाला. परदेशात अचानक आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसा.

‘काउंटिंग,’ ते म्हणाले. ‘येस, येस. काउंटिंग.’

त्यांनी तिन्ही दारं मोजली. ओठ हलवत, बोट न लावता, रांगेरांगेने. त्यांचे आकडे आले: अकराशे सत्तावीस, अकराशे एकतीस, अकराशे अठरा. अर्बाबने नानांचं रजिस्टर उघडून तिन्ही ताडून पाहिले, रजिस्टर मिटलं आणि नानांचा हात दोन्ही हातांत घेतला. ‘खलास,’ ते म्हणाले. ‘मैं आज जपान को लिखेगा. नाना, माफ करना.’ नाना मान हलवत राहिले. इब्राहिमचाचांनी तोंडातल्या तोंडात अल्लाचे आभार मानले. सगळं झालं होतं. मी गप्प राहिलो असतो तर आजही झालेलंच असतं.

बिनदुधाचा सुलेमानी चहा आला. आम्ही टायरांच्या उतरंडीवर बसलो. मी त्या चिन्हाचं नाव विचारलं तेव्हा मोरितांनी पेल्याखालची बशी बाजूला ठेवली, खडू मागितला आणि एका काळ्या टायरच्या कडेवर ते चिन्ह मोठं काढलं. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण ते इतकं हळू बोलत की एकही शब्द वाया जात नसे. याचा उच्चार एकच नाही, ते म्हणाले. कुठे ‘सेइ’, कुठे ‘शोओ’, आणि विशेषण म्हणून ‘तादाशिइ’, म्हणजे बरोबर, सरळ. भर दुपार म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर, त्या शब्दात हे अक्षर येतं. नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या नावात येतं. प्रामाणिक माणसाला जो शब्द आहे त्यात येतं. वर्गात उत्तर बरोबर आलं की त्या शब्दातही. मुळात ते चीनमधून आलं, हाडांवर अक्षरं कोरत त्या काळचं. तेव्हा वर एक चौकोन असे, म्हणजे तटबंदीचं गाव, आणि खाली पाऊल. पाऊल त्या गावाकडे थेट निघालंय. पुढे चौकोनाची एक रेघ झाली. म्हणून शाळेत मुलांना सोपं करून सांगतात की पाऊल चालत आलं आणि रेघेपाशी थांबलं.

माझ्या मुलीला हे सारं हल्ली फोनवर तीन सेकंदांत मिळालं. ‘बाबा, इट मीन्स करेक्ट. एवढंच आहे,’ ती म्हणाली. एवढंच आहे, हे खरं. पण मोरितांनी त्या दिवशी पुढे जे सांगितलं ते तिच्या फोनमध्ये नव्हतं. मी विचारलं होतं की रेघांचा क्रम ठरलेला असतो का? ते म्हणाले, अगदी ठरलेला. आडवी, उभी, उजवीची छोटी आडवी, डावीची छोटी उभी, शेवटी खालची. घाई असली तरी कोणी क्रम मोडत नाही, कारण मोजणारा माणूस मध्येच बदलतो. एकजण जेवायला जातो, दुसरा खडू हातात घेतो. त्याने आधीचे टायर पाहिलेले नसतात. दारावर जे आहे त्यावर विश्वास ठेवून तो पुढची रेघ मारतो. ‘ही डज नॉट आस्क,’ मोरिता म्हणाले आणि चहाचा घोट घेतला.

मला नानांचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. नाना सुटले होते. मला त्या खडूवाल्याचं वाटलं. थंडीत किंवा पावसात कुठल्यातरी गोदीवर उभं राहून त्याने अकराशे तेवीस टायर न चुकता मोजले होते, आणि मी त्याला अकराशे अठरावर चुकवून ठेवलं होतं. तो माणूस इथे येऊन बोलणार नव्हता. त्याच्या बाजूने बोलू शकेल असा त्या यार्डात एकच जण होता. मी पेला खाली ठेवला.

‘तिसऱ्या दारावरच्या पाच रेघा मी पुसल्यात,’ मी म्हणालो. आधी मराठीत, मग अर्बाबसाठी हिंदीत, मग मोरितांसाठी इंग्रजीत. तीन भाषांत एकच वाक्य बोललो, आणि तिन्हींत ते तितकंच कठीण गेलं. ‘तिथे अकराशे तेवीस होते. नानांचे पाच कमी आहेत.’

अर्बाबने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे. इब्राहिमचाचा पुटपुटले, ‘अरे, कशाला...’ आणि थांबले. मोरिता उठून तिसऱ्या दारापाशी गेले, शेवटच्या रांगेपाशी नाक नेऊन पाहिलं आणि मान हलवली. पुसल्याची फिकट छटा त्यांना दिसली. मला वाटतं ती आधीही दिसली असावी, पण ते मी सिद्ध करू शकत नाही.

नानांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. त्यांचा आवाज तेवढा ऐकला. ‘अर्बाब, तिसऱ्या कंटेनरचा माल शेडमध्ये वेगळा आहे. त्यातलं काही विकलेलं नाही. उद्या मी परत मोजतो.’

‘कल जुम्मा है.’

‘उद्याच मोजतो.’

शुक्रवारी नमाजानंतर आम्ही सुरू केलं. नाना, इब्राहिमचाचा आणि मी. पोरांना सुट्टी होती. अर्बाब शेडच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. अंगातला पायघोळ दिशदाशा पांढराशुभ्र, आणि आम्ही तिघे दहा मिनिटांत काळे. नानांनी अट घातली की प्रत्येक टायर जागेवरून उचलून दुसऱ्या भिंतीकडे ठेवायचा. रचलेल्या थप्पीवर नुसतं बोट फिरवून मोजायचं नाही. चाचा आणि मी उचलत होतो, नाना खडूने भिंतीवर मोजत होते. त्यांनी तिरकी रेघ मारली नाही. आडवी, उभी, छोटी आडवी, छोटी उभी, खालची. पहिली वीस-पंचवीस चिन्हं वाकडीतिकडी आली, पुढची चांगली. ट्रकचे टायर दोघांना मिळून उचलावे लागत. चारशेच्या आसपास माझ्या कमरेने नकार दिला. चाचा म्हणाले, ‘पुसायला किती वेळ लागला होता रं तुला?’ मी म्हणालो, अर्धा मिनिट. ‘आता भर,’ ते म्हणाले.

सातशेनंतर चाचांनी ट्रकचा एक टायर ढकलला आणि तो ज्या आवाजाने पडला तो आवाज त्यांना पटला नाही. त्यांनी आत हात घातला. पोटात एक लहान टायर कोंबून बसवलेला होता, इतका घट्ट की बाहेरून कडा दिसत नव्हती. जागा वाचवायला जपानमध्ये असे एकात एक भरत, आणि आमची पोरं उतरवताना आतला काढून वेगळा टाकत. हा राहून गेला होता. अर्बाब खुर्चीवरून उठले आणि स्वतः प्रत्येक मोठ्या टायरच्या पोटात काठी घालून बघू लागले. आणखी दोन मिळाले. मगरिबच्या वेळेला, दिवस मावळताना, शेवटचा टायर भिंतीला लागला. नानांनी खडू खाली ठेवून रांगा मोजल्या. दोनशे चोवीस पूर्ण आणि एक रेघ. अकराशे एकवीस.

‘दो कम,’ अर्बाब म्हणाले. ‘दो! नाना, दो टायर मेरा बकरी खा गया होगा. लिख दे तेवीस, खलास कर.’

नानांनी रजिस्टर उघडलं, अकराशे अठरावर एक रेघ मारली आणि वर अकराशे एकवीस लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘पहिली मोजणी चुकली, तीन राहिले. दोन सापडले नाहीत.’ खाली सही. अर्बाबला ते वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, मग पेन मागून घेतलं आणि नानांच्या सहीशेजारी स्वतःची केली. जाताना म्हणाले, ‘व्हिसा का पेपर सुबह ऑफिस से लेके जाना. वलद का भी.’ जपानला फॅक्स गेला, त्यात मोरितांनी ते चिन्ह आणि तिन्ही दारांचे आकडे स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. उत्तर आलं नाही. पुढच्या कंटेनरच्या याद्यांवर अकराशे पन्नास हा आकडा मात्र पुन्हा दिसला नाही. ते दोन टायर मला आजपर्यंत सापडलेले नाहीत.

घरी परतताना पिकअप नाना चालवत होते. गुरुवारी सकाळपासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. रुवीच्या मोठ्या गोलाला वळसा घालून आम्ही वादी अदाईच्या रस्त्याला लागलो, तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, ‘पुसताना तुझ्या मनात काय आलं?’

मी खोटं बोलू शकत होतो. व्हिसा आला, परीक्षा आली, असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं.

‘पाच कमी होते,’ मी म्हणालो. ‘स्टेपनी धरून पाच. मला वाटलं, तुम्ही घेतले असतील.’

पुढे एक ट्रक चढावर रेंगाळत होता. नाना त्याच्या मागे हळूहळू जात राहिले. बराच वेळ त्यांनी त्याला ओलांडलं नाही.

‘मग पुसायचं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘मला विचारायचं होतं.’

मी काळ्या झालेल्या हातांकडे पाहत होतो. चढ संपल्यावर विचारलं.

‘नाना, तुम्ही घेतले होते का?’

‘नाही,’ नाना म्हणाले, आणि गिअर बदलून ट्रकला ओलांडलं.